इंजन विचार करतंय

बॉनेटला कान लावायचा, डावा हात वर करून भोवतीच्या माणसांना गप्प करायचं आणि हलक्या आवाजात सांगायचं, "थांबा. इंजन विचार करतंय."

हे सांगताना हवालदारांच्या चेहऱ्यावर असा काही गंभीर भाव असे की मोटार खरोखरच विचार करत असावी असं क्षणभर वाटून जाई. दुधाची भांडी घेऊन उभी असलेली माणसंही आवाज खाली आणत. एका म्हातारीनं तर तोंडाला पदर लावून खोकला दाबून धरलेला मी पाहिला आहे. आजारी माणसाच्या उशाशी जमावं तशी सगळी त्या हिरव्या पत्र्याभोवती उभी असत. मग हवालदार कान काढत, मान डोलावत आणि जाहीर करत, "झालं. तयार हाय."

तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील, यंत्राशी अदबीनं बोलणारी. पण यंत्राच्या वतीनं अख्ख्या गावाशी बोलणारा माणूस मी एवढा एकच पाहिला.

त्यांचं नाव मी सांगत नाही, आणि गावातही ते फारसं कुणी घेत नसे. फौजेत बरीच वर्षं ट्रक चालवून ते घरी आले होते. निवृत्त झाले तेव्हा ते काही हवालदार नव्हते. ती बढती गावानं परस्पर दिली आणि त्यांनी ती नाकारली नाही. उंच, सडसडीत, मिशीला रोज तेल. दुष्काळात अंघोळीला पाणी नसायचं, पण मिशीला तेल असायचं. राहायला गावाच्या पूर्वेला, धर्मांतर करून बौद्ध झालेल्या घरांच्या वस्तीत. वस्तीच्या पुढून रस्ता ओढ्यापर्यंत उतरत जाई आणि तिथून नळदुर्गकडे वळे. हा उतार लक्षात ठेवा. या गोष्टीत तो इंजनापेक्षा महत्त्वाचा आहे.

मी मुरुमचा. या गावात नवीनच निघालेल्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून आलो, तेव्हा दुष्काळ आधीच येऊन बसला होता. विहिरींचे तळ दिसत होते, पाणी टँकरनं येत होतं, आणि ज्यांच्या दावणीला एखादी म्हैस टिकली होती त्यांची चूल त्या म्हशीवर चालली होती. दूध रोज सकाळी नळदुर्गच्या केंद्रावर ऊन तापायच्या आत पोचलं पाहिजे, नाहीतर नासलं. आधी ते सायकलवरून जाई. रोज थोडंफार नासे. मग अध्यक्षांनी सोलापूरच्या एका वकिलाची टाकाऊ मोटार सोसायटीसाठी आणली.

ही मोटार विलायती, वयस्कर आणि एके काळी हिरवी होती. मागची गादी काढून तिथं कॅन ठेवायची सोय केली होती. गावात मोटार चालवता येणारा माणूस एकच होता, त्यामुळे ड्रायव्हर निवडण्याचा प्रश्नच आला नाही. ठराव मांडला गेला तेव्हा उपाध्यक्ष पाटील तेवढे छताकडे बघत होते.

पाटलांविषयी थोडं सांगायला हवं. माणूस वाईट नव्हता. मोठं शिवार, भारदस्त आवाज, आणि आजोबांनी जे जसं केलं ते तसंच चालावं एवढी माफक अपेक्षा. पूर्वेकडच्या वस्तीला ते अजून जुन्याच नावानं ओळखत. हवालदारांना ते एकेरीत हाक मारत आणि हवालदार त्यांना "जी पाटील" म्हणत. दोघांत भांडण असं कधी झालं नाही. जे झालं ते सगळं पेट्रोलवरून झालं.

मोटार आली तशी पहिले काही दिवस चावडीपुढे उभी राहत होती. दूध तिथंच मोजलं जाई आणि पाटील देखरेखीला असत. एका सकाळी हवालदारांची धाकटी बहीण कौसाबाई पितळी चरवी घेऊन आली. नवरा नाही, दोन लेकरं, एक म्हैस. कर्जावर घेतलेली. ती सगळ्यांच्या मागं, जरा अंतर ठेवून उभी राहिली. तिची पाळी आली तसे पाटील म्हणाले, "कॅन भरलं बाई."

मी नवा होतो. म्हटलं, "एक कॅन रिकामा आहे की."

"ते ताकाचं हाय."

"आपण ताक विकत नाही, पाटील."

"विकू कधीतरी," पाटील म्हणाले.

कौसाबाई चरवी घेऊन परत गेली. गावात तिचं दूध दुसरं कुणी घेणार नव्हतं, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. हवालदार स्टिअरिंगवर बसले होते.  आरशात बघून त्यांनी मिशी नीट केली आणि गाडी सुरू केली. गाडी पहिल्याच फटक्याला सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी ती सुरू झाली नाही.

हवालदार खाली उतरले, बॉनेट उघडून नाडी बघावी तसा आत हात घातला, मग बॉनेट लावून त्यावर कान ठेवला. तिथं त्यांनी ते वाक्य पहिल्यांदा उच्चारलं. ऊन चढत होतं. अध्यक्ष घायकुतीला आले. म्हणाले, "विचार कसला करतंय? दूध नासंल."

"म्हातारं इंजन हाय, साहेब. सपाटीवर उभं केलं की पेट्रोल टाकीत बूड टेकून बसतंय. उठत न्हाय. उतारावर नाक खाली करून उभं केलं तर आपसूक पुढं येतंय."

"मग उतार कुठाय?"

हवालदारांनी जरा विचार केल्यासारखं केलं. "एकच हाय," ते म्हणाले. "आमच्या वस्तीपुढं."

गाडी ढकलत तिथवर नेली. चाकाखालचा दगड काढला, गाडी उताराला लागली, ओढ्याजवळ एक गचका बसला आणि इंजन सुरू झालं. वर उभ्या असलेल्या माणसांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पाटलांनीही टाकला. कॅनमध्ये त्यांच्या तीन म्हशींचं दूध होतं.

त्या दिवसापासून गाडी रोज उतारावर उभी राहू लागली. पहिल्यांदा चावडीपुढे दूध मोजून भरलेले कॅन उचलून उतारापर्यंत नेत. दोन दिवसांत सगळ्यांचे खांदे दुखायला लागले. मग अध्यक्षच म्हणाले, कॅन आणि मापं तिकडंच ठेवा, ज्याचं त्यानं दूध तिकडंच आणावं. मी माझं टेबल उचललं आणि वस्तीच्या तोंडाशी असलेल्या लिंबाखाली मांडलं. सकाळी सगळं गाव भांडी घेऊन तिथं यायला लागलं. आणि जिचं घर त्या लिंबापासून सर्वांत जवळ, ती अर्थातच रांगेत पहिली असे. रिकाम्या कॅनमध्ये पहिलं दूध पडे ते कौसाबाईचं.

पाटलांनी वेगळा कॅन सुचवला. हवालदार लगेच "जी पाटील" म्हणाले. वस्तीचं दूध वेगळ्या कॅनमध्ये घेतलं. तो अर्धाच भरला. हवालदारांनी तो हलवून बघितला आणि चिंतेत पडले.

"अर्धं कॅन डुचमळतंय. डुचमळलं की गाडी डावीकडं वढती. डावीकडं वढली की इंजनचा ठेका चुकतोय. न्हेतो म्या. पण ओढ्यात गेली तर मला बोल लावू नका."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी पाटलांच्याच पुतण्यानं, बबननं, आपल्या बादलीतलं दूध त्या कॅनमध्ये ओतून तो काठोकाठ भरला. बबन तालमीतला गडी. त्याला दूध पोचण्याशी मतलब होता. काका त्याच्याकडे नुसते बघत राहिले.

आता तुम्हाला वाटेल यात पेट्रोल कुठं आलं? तेच सांगतो.

त्या काळी पेट्रोल दोन प्रतींचं मिळे. नळदुर्गच्या पंपावर साधं आणि सोलापूरला भारी. भारी महाग होतं आणि ते नव्या, दणकट दाबाच्या इंजनांसाठी असतं असं म्हणत. पाटील एका लग्नाला सोलापूरला गेले असता त्यांना हे ज्ञान झालं. ते परत आले ते उजळलेल्या चेहऱ्यानं. संचालकांची सभा बोलावली गेली.

"खानदानी गाडी हाय," पाटील म्हणाले. "वकिलाकडची. तिला आपुन साधं पाजतोय म्हणून ती अडून बसती. भारी पेट्रोल आणा. चावडीपुढं उभी करा. उताराची गरजच न्हाय."

ही सभा मी कधी विसरणार नाही. गावात प्यायला पाणी नव्हतं, सभेत एकच तांब्या फिरत होता आणि प्रत्येकजण दोन घोट घेऊन पुढं देत होता. आणि आम्ही चर्चा करत होतो ती इंजनानं काय प्यावं याची. दोन पक्ष पडले. भारीवाले आणि साधेवाले. भारीवाल्यांना चावडी हवी होती आणि साधेवाल्यांना काटकसर. अध्यक्ष काटकसरीचे, त्यामुळे मतं सारखी पडली. मग तोडगे निघू लागले. एकानं अर्धं अर्धं मिसळायची सूचना केली. दुसरा म्हणाला, आठवडाभर साधं द्या आणि बाजाराच्या दिवशी भारी. एक वारकरी संचालक होते, त्यांनी एकादशीला साधं आणि बाकी दिवस भारी असं सुचवलं. दाराशी उभ्या असलेल्या हवालदारांना मत विचारलं.

"इंजन उपास धरत न्हाय," ते म्हणाले.

"ते सोड. भारी चालंल का, ते सांग," पाटील म्हणाले.

हवालदार आत आले, सावधान उभे राहिले आणि त्यांनी जे भाषण केलं ते फौजेत शिकवत असतील असं मला वाटत नाही. "जुन्या इंजनात दाब कमी असतोय. त्याला साधं पुरतं. भारी घातलं तर फायदा काय न्हाय." इथवर ते बरोबर होतं. पुढं म्हणाले, "उलट भारी पेट्रोल चढतंय. इंजन डोक्यात राख घालतंय. मालक ओळखत न्हाय. आमच्या पलटणीत एका ट्रकानं भारी पिऊन साहेबाचा बंगला फोडला."

 वारकरी संचालकांनी हात जोडले. पाटील मात्र हलले नाहीत. म्हणाले, "परीक्षा घेऊ. चावडीपुढं. भारी घालून. सुरू झाली तर उद्यापासून दूध चावडीवर." असा ठराव झाला.

सभेतून बाहेर पडताना मी हवालदारांचा चेहरा पाहिला. मिशीचं तेल तेवढं चमकत होतं, बाकी चेहरा उतरला होता. त्या संध्याकाळी मी टेबल आवरत होतो तर कौसाबाई लिंबाखाली आली. म्हणाली, "सायेब, चावडीवर गेलं तर ते ताकाचं कॅन पुन्हा निघंल का वो?"  तिच्या म्हशीच्या कर्जाचा हप्ता दुधातून कापला जात होता. दूध घेतलं नाही तर म्हैस जाणार होती. वस्तीत तशा अजून काही म्हशी होत्या.

परीक्षेच्या दिवशी चावडीपुढे जत्रा भरली. टँकर आला तरी कुणी हांडे घेऊन हललं नाही. सोलापूरहून आणलेलं भारी पेट्रोल पाटलांनी स्वतःच्या हातानं टाकीत ओतलं, कळशीतून देवाला पाणी घालावं तसं. जुनं सगळं आधी काढून टाकलं होतं. हवालदारांनी बॉनेट उघडलं, नाडी पाहिली, बॉनेट लावलं, कान ठेवला.

"विचार करतंय का?" अध्यक्षांनी विचारलं.

"न्हाय," हवालदार म्हणाले. "रागात हाय."

त्यांनी बटण दाबलं. इंजन कण्हलं आणि थांबलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. पाटील म्हणाले, "हा मुद्दाम करतोय. बबन, हँडल मार." बबननं बाह्या सरकवल्या, पुढचं हँडल बसवलं आणि तालमीत घेतलेला सगळा दम लावून ते फिरवलं. हँडलनं उलटा हिसका दिला. बबन उताणा पडला. त्याच क्षणी मागच्या नळकांड्यातून असा बार निघाला की चावडीवरची कबुतरं उडाली, वारकरी संचालक जनावरांच्या कोरड्या हौदात जाऊन बसले, आणि टँकरच्या चाकाला बांधलेला बैल दोर तोडून जो पळाला तो दुसऱ्या दिवशी सापडला. इंजनातून निळा धूर आला.

हवालदार सावकाश पुढे गेले. बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "अपचन झालंय."

हौदातून आवाज आला, "साधंच द्या तिला. साधंच." ठराव तिथल्या तिथं, हौदात बसल्या बसल्या मंजूर झाला. उरलेलं भारी पेट्रोल अध्यक्षांनी कोटावरचे डाग काढायला नेलं.

यानंतर उताराबद्दल कुणी शब्द काढला नाही. पाऊसकाळ आले गेले, सगळेच काही बरे नव्हते, पण सोसायटी तगली. हवालदारांनी उतारावर आपले कायदे केले. ज्याचं दूध शेवटी, त्यानं चाकाखालचा दगड काढायचा, हा त्यातला एक. पाटील कधी शेवटी येत नसत. वस्तीपुढं वाकून दगड काढायचा ही कल्पना त्यांना सोसणारी नव्हती, म्हणून ते अगदी मधे येत आणि मधेच राहत. पण निघूनही जाता येत नसे, कारण गाडी सुटेपर्यंत थांबायचं हाही कायदा होता. ढकलायची वेळ आली तर माणसं हवीत म्हणून. आणि इंजन फार विचार करी. रांगेतलं शेवटचं दूध कॅनमध्ये पडेपर्यंत ते विचार करत राही. लांबच्या मळ्यातून धापा टाकत येणारी एखादी बाई दिसली की हवालदार कान बॉनेटवरून काढतच नसत. त्या वर्षांत उशिरा आलं म्हणून कुणाचं दूध परत गेलं नाही.

थंडीच्या दिवसांत इंजनाचा विचार आणखी लांबे. मग कौसाबाई चुलीवर चहा टाकी. "इंजनाला अजून येळ हाय पाटील, च्या घ्या," हवालदार म्हणत. पाटील नको म्हणत. ते नको बरेच दिवस टिकलं. मग एका सकाळी धुकं होतं, बोटं आखडली होती, आणि त्यांनी कप घेतला. पाटलांनी वस्तीत चहा घेतला हे पहिल्यांदा कुणी बोललं नाही आणि दुसऱ्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे पुढे कपबशी आली नाही तर तेच इकडंतिकडं बघत. त्यांची एक म्हैस आटली तेव्हा काय खायला घालावं ते कौसाबाईला विचारताना मी त्यांना ऐकलं आहे. आणि कधी तरी, नेमकं कधी ते सांगता येत नाही, ते हवालदारांना "तुमी" म्हणायला लागले. पेट्रोलवरचा वाद मात्र दोघांनी सोडला नाही. "भारीच घालाया पायजे होतं," पाटील म्हणत. "अपचन विसरला व्हय?" हवालदार म्हणत.

मी गावात हिशेब बघे, त्यामुळे नळदुर्गला कधी गाडीतून जात नसे. एकदा केंद्रावर मला बोलावणं आलं, म्हणून हवालदारांच्या शेजारी बसून गेलो. काम झालं. परतताना हायवेवरच्या एका धाब्यापुढे त्यांनी गाडी उभी केली. आम्ही भजी खाल्ली. बाहेर आलो आणि माझ्या लक्षात आलं की ही जागा तळहातासारखी सपाट आहे.

"हवालदार, इथून सुरू कशी होणार? माणसं बोलावू का ढकलायला?"

ते आत बसले, बटण दाबलं. गाडी पहिल्याच फटक्याला सुरू झाली. बॉनेटला कान नाही, नाडी नाही, काही नाही.

शेजारी एक मिस्त्री ट्रकखाली पडून काम करत होता. हवालदार स्टिअरिंगवरूनच धाब्यावाल्याशी बोलत होते तेवढ्यात मी त्याला विचारलं की या गाडीला साधं पेट्रोल बरं की भारी. त्यानं ट्रकखालून डोकं काढून गाडीकडे बघितलं आणि म्हणाला, "इसकू क्या फरक पडता साब? ये तो घासलेट पे बी चलेगी." मी चावडीपुढचा तो बार सांगितला. तो हसायला लागला. म्हणाला, बॉनेट के अंदर करंट बाँटने की एक टोपी रहती, उसकू जरासा घुमाए तो ऐसाच होता. और वापस घुमाए तो कुछ नै होता.

गाडी निघाली. धाबा मागं पडला. शेवटी म्हटलं, "हवालदार, इथं इंजन विचार करत नाही?"

त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही. "इथं त्याला इचार करायचं कारण न्हाय, सेक्रेटरी साहेब," ते म्हणाले. "इथं कुणाचंबी दूध घेत्यात."

मला हसू आलं. इतकी वर्षं हा माणूस एका गावाला रोज सकाळी ढकलत उतारापर्यंत आणत होता, आणि गावाला वाटत होतं आपण मोटार ढकलतोय. मी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. आज सांगतोय, कारण आता ती सांगून कुणाचं काही जाणार नाही.

हवालदार गेले ते अगदी साधेपणानं. संध्याकाळी नळदुर्गहून आले, गाडी उतारावर लावली, चाकाखाली दगड ठेवला, जेवले आणि झोपले. सकाळी उठले नाहीत. त्या दिवशी दूध गेलं नाही. ज्याचं त्याच्या घरी राहिलं आणि कुणी कुरकुर केली नाही. सगळं गाव ओढ्यापलीकडे मातीला गेलं. पाटील काठी टेकत शेवटपर्यंत आले होते.

दुसऱ्या दिवशी मात्र म्हशी थांबणार नव्हत्या. लिंबाखाली रांग लागली. कौसाबाई चरवी घेऊन आली, डोळे सुजलेले. मी म्हटलं, "आज नाही आणलं तरी चाललं असतं."

"म्हशीला काय सांगू?" ती म्हणाली आणि कॅनमध्ये पहिलं दूध ओतलं.

गाडी चालवायला बबन आला होता. ट्रॅक्टर चालवून चालवून तो तयार झाला होता. सगळ्यांचं दूध पडलं. बबन आत बसला. त्याला हवालदारांचे कायदे नीट माहीत नव्हते, की घाईत विसरला, कोण जाणे. चाकाखाली दगड तसाच होता. त्यानं सरळ बटण दाबलं.

इंजन सुरू झालं. जागच्या जागी, पहिल्याच फटक्याला, एखाद्या तरण्याताठ्या गाडीसारखं. टाकीत साधंच पेट्रोल होतं.

रांगेत कुणी हललं नाही. त्या आवाजात प्रत्येकजण आपापला हिशेब करत होता, चावडीचा, उताराचा, ताकाच्या कॅनचा. मी पाटलांकडे बघितलं. ते अगदी मधे उभे होते, रिकामी बादली पायाशी, हात काठीवर, आणि इंजनाकडे बघत होते. त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता हा माणूस ओरडणार आणि उद्यापासून टेबल चावडीवर जाणार. कौसाबाईलाही तेच वाटलं असावं. तिनं चरवी छातीशी धरली होती.

पाटील गाडीजवळ गेले. काठीनं बॉनेटवर दोनदा वाजवलं.

"बंद कर," ते बबनला म्हणाले.

"काका, सुरू झालीय की."

"बंद कर म्हणतो ना. येडा हायस का? इंजनाला इचार करू दे."

बबननं इंजन बंद केलं.  पाटलांनी काठी कौसाबाईच्या हातात दिली. मग गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, ते खाली वाकले. बॉनेटला त्यांनी कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. ते काय ऐकत होते कुणास ठाऊक, पण डोळे मिटलेले होते आणि कुणी खोकलंसुद्धा नाही.

मग ते उठले, चाकापाशी गेले, पुन्हा वाकले आणि दोन्ही हातांनी दगड काढला.

गाडी आवाज न करता उताराला लागली.